विद्यापीठात बालशिक्षण आणि बालपणाचा अभ्यास: नव्याने येणाऱ्यांसाठी

बालशिक्षणाच्या पदवीला आलेले अनेक जण गाणी, गोष्टी आणि रंगकामाची तयारी करून येतात. पहिल्याच सत्रात समोर येतं मानसशास्त्र, समाजशास्त्र, आरोग्य, बालहक्कांचा कायदा आणि मुलांच्या निरीक्षणांनी भरलेल्या वह्या. गाणी-गोष्टीही येतात, पण त्या कुठल्या वयाच्या मुलाला का आणि कशा सांगायच्या, हे कळायला बाकीचं सगळं लागतं. हे आधी माहीत असलं की सुरुवात सोपी जाते.

या विषयाचा आवाका साधारण जन्मापासून आठ वर्षांपर्यंतचा. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २००५ साली लहान वयातल्या हक्कांवर भाष्य केलं, तेव्हा हीच मर्यादा धरली होती. तान्हं बाळ आणि दुसरीतलं मूल यांच्यात केवढं अंतर आहे, ते डोळ्यांसमोर आणा, म्हणजे अभ्यासक्रम एवढा पसरलेला का, ते लक्षात येईल. माझ्या मते या पदवीत शिकण्याची मुख्य गोष्ट एकच आहे: मुलाबद्दल मत बनवण्याआधी त्याच्याकडे नीट पाहायचं. पुढच्या प्रत्येक पायरीवर ती पुन्हा भेटेल.

पायरी १: पदवी कोणत्या प्रकारची आहे ते विचारा

बालशिक्षण, बालविकास, प्रारंभिक बाल्यावस्था, बालपण अभ्यास अशी नावं ऐकायला सारखी वाटतात. त्यांच्याआड दोन वेगळ्या वाटा असतात. एका वाटेवर प्रात्यक्षिकाचे तास ठरलेले असतात आणि शेवटी शिक्षक म्हणून नोंदणी किंवा परवाना मिळतो. दुसरी वाट बालपणाचा अभ्यास म्हणून अभ्यास करते. त्यात इतिहास, समाज, धोरण, माध्यमं आणि कुटुंब येतं. तिथून समाजकार्य, आरोग्यशिक्षण, संशोधन किंवा संस्थांमधलं काम अशा दिशा खुल्या होतात, पण वर्गात शिकवायचं असेल तर बहुधा आणखी एक अभ्यासक्रम करावा लागतो.

म्हणून प्रवेश कार्यालयाला हा प्रश्न लेखी विचारा: ही पदवी मिळाल्यावर मला कोणत्या वयाच्या मुलांना, कोणत्या पदावर शिकवता येईल? उत्तर गोलमोल आलं तर परवाना देणाऱ्या यंत्रणेकडे थेट चौकशी करा. पुढे दुसऱ्या देशात काम करायचा विचार असेल, तर तिथे ही पदवी मान्य होते का, तेही आत्ताच पाहून ठेवा. तीन-चार वर्षांनंतर हे कळणं फार महागात पडतं.

मग प्रात्यक्षिकांकडे वळा. ती कोणत्या सत्रात सुरू होतात? दोन वर्षांखालच्या बाळांबरोबर काम करायला मिळतं का, की फक्त बालवाडीतल्या मुलांबरोबर? प्राध्यापक तुम्हाला प्रत्यक्ष काम करताना पाहायला येतात, की केवळ उपस्थितीच्या पत्रकावर सही होते? मोठं नाव असलेलं विद्यापीठ आणि पहिल्या वर्षापासून मुलांमध्ये पाठवणारं, मार्गदर्शक शेजारी बसवून निरीक्षण शिकवणारं लहान विद्यापीठ यांत निवड करायची वेळ आली, तर मी दुसरं सुचवेन. दूरशिक्षणाने पुस्तकी भाग चांगला होतो. रडणाऱ्या बाळाला कसं घ्यायचं, ते मात्र पडद्यावर शिकता येत नाही.

पायरी २: अर्जाआधी मुलांमध्ये थोडा वेळ घालवा

'मला लहानपणापासून मुलं आवडतात' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक अर्जात असतं, त्यामुळे वाचणाऱ्याला त्यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. त्याऐवजी पाहिलेली एखादी छोटी गोष्ट लिहा. समजा, तीन वर्षांची मुलगी उंच पेल्यातलं पाणी पसरट भांड्यात ओतते, परत पेल्यात भरते आणि हे पुन्हा पुन्हा करते. आधी वाटतं, ती पाणी सांडते आहे. थोडं थांबल्यावर दिसतं की ओतल्यावर प्रत्येक वेळी ती पाण्याची पातळी बोटाने दाखवते आहे. असं एखादं निरीक्षण आणि त्यातून तुम्हाला पडलेला प्रश्न, एवढं अर्जाला पुरतं.

पाळणाघर, बालवाडी, वाचनालयातला गोष्टींचा तास, रुग्णालयातला मुलांचा विभाग, जिथे परवानगी मिळेल तिथे काही आठवडे मदत करा. मुलांबरोबर काम करायला बहुतेक ठिकाणी चारित्र्य पडताळणी आणि लसीकरणाचे दाखले लागतात. हे कागद वेळ खातात, तेव्हा प्रवेश निश्चित होताच मागणी करून ठेवा. कागद आले नाहीत म्हणून पहिलं प्रात्यक्षिक हुकलं, असं दर वर्षी कोणाचं तरी होतं.

पायरी ३: विचारवंत वाचताना त्यांनी कोणाला पाहिलं ते शोधा

पहिल्या वर्षी नावांचा भडिमार होतो. फ्रेडरिक फ्रोबेल यांनी जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्ग इथे १८३७ मध्ये लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन' हे नाव दिलं. मारिया माँटेसरी या डॉक्टर. त्यांचं पहिलं बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत उघडलं. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केलं. पुढे कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी आदिवासी मुलांसाठी काम केलं आणि गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली. हे सगळं पाठ करत बसू नका. प्रत्येक नावापुढे वहीत चार गोष्टी लिहा: किती मुलं पाहिली, कोणती मुलं, कुठे, आणि प्रत्यक्षात काय पाहिलं.

ही सवय किती उपयोगाची आहे, ते स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांच्या उदाहरणातून कळेल. बाळांच्या विचारशक्तीबद्दलचं त्यांचं सुरुवातीचं लेखन मोठ्या प्रमाणावर स्वतःच्या तीन मुलांच्या निरीक्षणांवर उभं आहे. निरीक्षणं विलक्षण बारकाईची आहेत, पण मुलं तीनच, तीही एका विद्वानाच्या घरातली. पियाजे यांचा एक प्रसिद्ध प्रयोग असा: सोंगट्यांच्या दोन सारख्या रांगा मांडायच्या, मग मोठ्या माणसाने एक रांग लांबवायची आणि विचारायचं, आता कुठे जास्त आहेत? लहान मुलं म्हणतात, लांब रांगेत. १९७४ मध्ये जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी यात एकच बदल केला. रांग विस्कटायचं काम एका खोडकर अस्वलाच्या बाहुल्याकडे दिलं. आता आधीपेक्षा कितीतरी जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं. मोठा माणूस मुद्दाम काही बदलून तोच प्रश्न पुन्हा विचारतो, तेव्हा आपलं आधीचं उत्तर चुकलं असावं असं मुलाला वाटू शकतं. मुलाला काय येतं, हे आपण कसं विचारतो त्यावर किती अवलंबून आहे! परीक्षेसाठी पियाजे यांनी सांगितलेल्या विचारशक्तीच्या वाढीच्या चार अवस्था हव्याच, पण हा अस्वलाचा प्रयोग आयुष्यभर कामाला येतो.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की हे पियाजे यांच्याच साली, १८९६ मध्ये जन्मले आणि १९३४ मध्ये क्षयाने गेले. मूल एकट्याने काय करतं आणि जाणत्या माणसाच्या मदतीने काय करतं, या दोहोंमधल्या जागेकडे त्यांनी लक्ष वेधलं. जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ यांचा जिव्हाळ्याच्या बंधाचा, म्हणजे बाळ आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्यातल्या नात्याचा विचार बाळांबरोबर काम करणाऱ्याने नीट समजून घ्यायलाच हवा. एन्सवर्थ यांनी आधी युगांडात आणि मग बाल्टिमोरमध्ये माता आणि बाळांचा अभ्यास केला होता. आई थोडा वेळ खोलीबाहेर जाऊन परतल्यावर बाळ कसं वागतं ते पाहण्याच्या त्यांच्या पद्धतीने आठ देशांत झालेल्या अभ्यासांचा एकत्र आढावा १९८८ मध्ये निघाला. त्यात देशादेशांतल्या फरकापेक्षा एकाच देशातल्या गटांमधला फरक मोठा निघाला. 'अमुक देशातल्या आया अशा असतात' असं वाक्य निबंधात लिहिताना हे आठवा. मानसशास्त्रज्ञ युरी ब्रॉनफेनब्रेनर यांची १९७९ मधली मांडणी मुलाभोवतीची वर्तुळं दाखवते: घर, शाळा, आई-वडिलांचं काम, कायदे. तिची आकृती काढायला सोपी म्हणून प्रत्येक जण निबंधात चिकटवतो. आकृती काढाच, पण मग आईच्या नोकरीची वेळ बदलली तर बाळाच्या झोपेवर काय परिणाम होतो, यासारखा धागा त्या वर्तुळांतून ओढून दाखवा.

इतिहास आणि समाजशास्त्राचे तास काहींना कोरडे वाटतात. फ्रेंच इतिहासकार फिलिप आरियेस यांनी १९६० मध्ये मांडलं की आज आपण ज्याला बालपण म्हणतो ती कल्पनाच इतिहासात उशिरा घडली. पुढच्या इतिहासकारांनी त्यांचे पुरावे आणि निष्कर्ष बरेच खोडले. हा वाद जरूर वाचा. 'मूल असंच असतं' हे आपल्या तोंडी सहज येणारं वाक्य तपासायची सवय त्यातून लागते.

पायरी ४: निरीक्षण लिहायला शिका

माझ्या दृष्टीने सगळ्या पदवीचा कणा इथे आहे, म्हणून या भागाला सर्वात जास्त वेळ द्या.

नवखा विद्यार्थी लिहितो: 'क आज चिडलेला होता. तो इतरांना खेळू देत नव्हता.' यातला प्रत्येक शब्द निष्कर्ष आहे. तोच प्रसंग असा लिहून पाहा:

'१०.१२. क चटईवर गुडघ्यांवर बसून ठोकळे रचतो आहे. सात ठोकळ्यांचा मनोरा. ग येते, वरचा ठोकळा उचलते. क "नको" म्हणतो आणि मनोऱ्यापुढे हात आडवा धरतो. ग दुसरा ठोकळा उचलते. क ताईंकडे बघतो. ताई पाठमोऱ्या आहेत. १०.१३. क ग-चा हात ढकलतो. मनोरा पडतो. क रडतो.'

आता काय दिसतं? मुलाने आधी शब्द वापरला, मग हात आडवा धरला, मग मोठ्या माणसाची मदत शोधली आणि हे तिन्ही उपाय फसल्यावर ढकललं. पहिल्या नोंदीवरून तुम्ही त्याला शिस्त लावायला निघाला असता. दुसऱ्या नोंदीवरून कळतं की तीन वर्षांच्या मुलाने भांडण टाळायचे बरेच मार्ग वापरले, आणि लक्ष द्यायचं आहे ते ताई कुठे उभ्या राहतात याकडे.

वहीच्या पानाचे तीन रकाने करा. पहिल्यात दिसलं आणि ऐकू आलं तेवढंच. दुसऱ्यात मला काय वाटलं. तिसऱ्यात आता काय करून पाहायचं. मुलाचे शब्द त्याच्याच भाषेत, त्याच्याच उच्चारात टिपा. ते सुधारून लिहिलंत तर त्याच्या भाषेची वाढ कुठवर आली आहे, ते नोंदीतून पुसलं जातं. खरं नाव कधीच लिहू नका, वही हरवू शकते. एका वेळी दहा मिनिटं पुष्कळ झाली. त्याहून लांबलं की लक्ष उडतं आणि आपण पोकळी अंदाजाने भरू लागतो. घाईत टिपलेलं त्याच दिवशी नीट लिहून काढा.

सलग वर्णनाखेरीज आणखी पद्धती शिकवतील. ठरावीक अंतराने, म्हणजे दर दोन मिनिटांनी, मूल काय करतं ते टिपणं हा कालनमुना. एखादी गोष्ट घडेल तेव्हाच, उदाहरणार्थ मूल चावेल तेव्हाच, आधी काय घडलं आणि नंतर काय घडलं ते टिपणं हा घटनानमुना. खोलीचा नकाशा काढून मूल कुठून कुठे गेलं याच्या रेषा ओढणं हा मागोवा. शेवटची पद्धत मला फार आवडते. खोलीतला एखादा कोपरा कोणीच का वापरत नाही, ते त्या रेषा लगेच दाखवतात.

मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये मांडलेले खेळातल्या सहभागाचे प्रकार इथे हाताशी येतील: नुसतं इकडेतिकडे असणं, एकट्याने खेळणं, दुसऱ्यांचा खेळ बघणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, एकत्र खेळणं आणि ठरवून, कामं वाटून खेळणं. यांना शिडी समजू नका. मोठं, मैत्रीत रमणारं मूलही कधी एकटं खेळतं आणि त्या खेळात पूर्ण बुडालेलं असतं. एकटं खेळणाऱ्या मुलाला ओढून गटात बसवण्याआधी तो खेळ नेमका काय आहे, ते बघा.

पायरी ५: प्रात्यक्षिकाचे पहिले आठवडे

पहिल्या दिवशी तीन गोष्टी विचारून घ्या: मुलाच्या सुरक्षिततेबद्दल काळजी वाटली तर कोणाला सांगायचं, फोन आणि फोटोंचा नियम काय, आणि कपडे बदलणं किंवा शौचालयात मदत करणं विद्यार्थ्याला चालतं का. फोन आत नेऊच नका.

आपल्याला कोणी त्रास दिल्याचं एखाद्या मुलाने तुम्हाला सांगितलं, तर शांतपणे ऐका. 'कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. खोदून किंवा उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नका. मुलाचे शब्द जसेच्या तसे, वेळेसह लिहा आणि नेमून दिलेल्या व्यक्तीला त्याच दिवशी सांगा. सत्य शोधण्याचं काम तुमचं नाही. सांगण्याचं मात्र नक्की तुमचं आहे, आणि 'माझा गैरसमज असेल' म्हणून ते पुढे ढकलू नका.

बाकीच्या वेळी जमिनीवर बसा. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर या आणि त्याला तुमच्याकडे येऊ द्या. प्रश्न विचारल्यावर थांबा. लहान मुलाला उत्तर जुळवायला मोठ्यांपेक्षा वेळ लागतो आणि आपण तेवढ्यात दुसरा प्रश्न टाकून मोकळे होतो. 'हा कुठला रंग?' या प्रश्नाचं उत्तर तुम्हालाही माहीत असतं आणि मुलालाही ते कळतं. 'हे कसं केलंस?' याने गप्पा सुरू होतात.

बाळांच्या गटात पाठवलं तर नाराज होऊ नका. लंगोट बदलणं, भरवणं, झोपवणं म्हणजे शिक्षणाच्या मधला कंटाळवाणा वेळ, अशी समजूत अनेकांची असते. हंगेरियन बालरोगतज्ज्ञ एमी पिकलर यांनी १९४६ मध्ये बुडापेस्टला अनाथ बाळांसाठी बालगृह सुरू केलं. तिथे सांभाळणाऱ्या बायका बाळाला उचलण्याआधी 'आता मी तुला उचलते' असं सांगायच्या आणि बाळाच्या हालचालीची वाट पाहायच्या. दिवसातून अनेकदा होणारा हा स्पर्श आणि हे बोलणं यातूनच बाळाला माणसांचा भरवसा कळतो. सावकाश लंगोट बदलणारी ताई फार मोठं काम करत असते. तिच्याकडून शिका.

सुरुवातीला सर्दी-खोकला होणारच, त्यामुळे प्रात्यक्षिकाचे तास शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

पायरी ६: निबंधात पुरावा तोलून वापरा

या विषयात ऐकीव दावे फार फिरतात. बाळाला मोझार्ट ऐकवलं की हुशारी वाढते, हा त्यातला एक. १९९३ चा तो मूळ अभ्यास ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाला होता आणि अवकाशाशी संबंधित कोड्यांतली त्यांची सुधारणा थोडा वेळच टिकली. त्यात एकही बाळ नव्हतं. असा दावा दिसला की मूळ अभ्यासापर्यंत जा आणि तेच चार प्रश्न विचारा: किती, कोण, कुठे, काय पाहिलं.

चांगल्या अभ्यासालाही हेच लावा. अमेरिकेत मिशिगनमधल्या इप्सिलँटी गावी १९६० च्या दशकात पेरी बालवाडीचा प्रयोग झाला. गरीब कुटुंबांतली १२३ कृष्णवर्णीय मुलं, त्यांपैकी ५८ बालवाडीत आणि ६५ तुलनेच्या गटात. त्यांचा माग चाळिशीपर्यंत आणि त्यापुढेही घेतला गेला. बालवाडीत गेलेल्यांचं शिक्षण आणि कमाई सरस दिसली, अटकेचं प्रमाण कमी दिसलं. लहान वयातल्या शिक्षणावर खर्च का करावा, याचा हा सर्वाधिक सांगितला जाणारा पुरावा. त्याचं बळ मुलांचे गट बहुतांशी चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडण्याच्या पद्धतीत आणि माग घेण्याच्या चिकाटीत आहे. पण गाव एकच होतं, मुलं थोडी होती, शिक्षक उत्तम प्रशिक्षित होते आणि ते घरोघरी जाऊन पालकांना भेटत होते. 'कुठलीही बालवाडी काढली की असाच फायदा होतो' हे त्यातून निघत नाही. दोन्ही बाजू लिहिल्यात की निबंध आपोआप वरच्या दर्जाचा होतो.

पायरी ७: लघुप्रबंध आणि मुलांची संमती

विषय लहान ठेवा. 'खेळाचे महत्त्व' यावर लिहिलंत तर इतरांनी लिहिलेलं पुन्हा लिहाल. 'बाहेरून खेळून वर्गात येताना चार वर्षांची मुलं काय काय करतात' हा विषय तुमच्या आवाक्यातला आहे, आणि त्यात तुम्हाला खरंच काही नवं सापडू शकतं.

संशोधनाच्या नैतिकता समितीची, संस्थेची आणि पालकांची परवानगी मिळायला सर्वाधिक वेळ लागतो, म्हणून तिथूनच सुरुवात करा. पालकांनी सही केली तरी मुलाचा होकार वेगळा घ्यायचा असतो आणि तो दर वेळी नव्याने घ्यायचा असतो. आपल्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा मुलाचा हक्क २० नोव्हेंबर १९८९ च्या बालहक्क करारात कलम १२ मध्ये आहे. दोन वर्षांचं मूल 'नाही' म्हणेलच असं नाही. ते पाठ फिरवेल, खेळणं उचलून लांब जाईल, तुमची वही बंद करेल. हे सगळे नकार आहेत, त्या दिवसाची नोंद तिथेच थांबवा.

मुलांचं मत कसं जाणून घ्यायचं, यासाठी ॲलिसन क्लार्क आणि पीटर मॉस यांनी २००१ मध्ये मांडलेली 'मोझेक' पद्धत बघा. मुलं स्वतः फोटो काढतात, आपली जागा फिरवून दाखवतात, नकाशे बनवतात आणि या तुकड्यांतून त्यांचं म्हणणं जुळवलं जातं. मोठ्यांनी काढलेल्या फोटोंत न येणाऱ्या गोष्टी त्यांत येतात.

पायरी ८: शेवटचं वर्ष

बालवाडी, प्राथमिक शाळा, कुटुंबांसोबतचं काम, रुग्णालयातले खेळवर्ग, विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीच्या सेवा, धोरण, संशोधन: वाटा पुष्कळ आहेत. अनेक ठिकाणी लहान मुलांच्या शिक्षकाला मोठ्या वर्गांच्या शिक्षकापेक्षा कमी पगार मिळतो. हे अन्यायाचं आहे, आणि वाट निवडताना ते उघड्या डोळ्यांनी बघा. निरीक्षणांच्या वह्या, मार्गदर्शकांचे शेरे आणि प्रात्यक्षिकाच्या तासांचे दाखले एका फाइलमध्ये ठेवा. परवाना, पुढची पदवी आणि नोकरी या तिन्हींसाठी ते मागितले जातात.

मुलाखतीला गेलात तर तुम्हीही प्रश्न विचारा. एका मोठ्या माणसामागे किती मुलं असतात? निरीक्षणं लिहायला आणि तयारीला कामाच्या वेळेत किती तास मिळतात? नव्या शिक्षकासोबत पहिले काही महिने कोण असतं? शेवटी वर्गात अर्धा तास बसू देण्याची विनंती करा. बसू दिलं तर वही काढू नका, पण पाहायला लागा: मूल रडलं तर कोण उठतं, आणि किती वेळाने.